‘आरएनए विश्व’ : स्व-प्रतिकृती या संज्ञेची चिकित्सा
वॉल्टर गिल्बर्ट यांनी १९८६ मध्ये नामकरण केलेल्या ‘आरएनए विश्व’ या गृहीतकात ‘स्व-प्रतिकृती’ ही संज्ञा मध्यवर्ती आहे. तथापि ती दोन भिन्न अर्थांनी वापरली जाते. २००९ मध्ये लिंकन व जॉइस यांच्या प्रयोगात दोन रायबोझाइमांनी प्रथिनांविना परस्परांच्या प्रती घडविल्या. मात्र त्यांनी केवळ तयार तुकडे सांधले, अनुक्रमाची माहिती त्या तुकड्यांतच होती. याउलट, २००१ मध्ये बार्टेल यांच्या प्रयोगशाळेतील रायबोझाइमने साच्यावरून एकेक न्यूक्लिओटाइड जोडले. पण भर पडली ती जास्तीत जास्त १४ न्यूक्लिओटाइडांची. पुढे ही मर्यादा विस्तारली, तरी सांधणे व नक्कल करणे यांतील भेद कायम आहे. अध्यापनात तो झाकला गेल्यास खुला प्रश्न सुटलेला भासतो.