लाउरीची मर्यादित मुद्राचित्रे

इंग्रज चित्रकार एल. एस. लाउरी (१८८७–१९७६) याच्या सॅल्फर्ड परिसरातील गिरणी-वस्त्यांच्या दृश्यचित्रांच्या स्वाक्षरीयुक्त प्रती. त्याची गणना निरागस शैलीत होते. तथापि त्याने आदॉल्फ व्हालेतकडे रीतसर शिक्षण घेतले असल्याने ती यथार्थ नव्हे. काही शिलामुद्रिते त्याने स्वतः रेखाटली. संग्राहकप्रिय बहुतेक प्रती मात्र तैलचित्रांवरून ऑफसेट पद्धतीने छापलेल्या असून भिंगाखाली त्यांत ठिपक्यांची जाळी दिसते. ‘गोइंग टू द मॅच’ (१९५३) या चित्राच्या अशा ३०० प्रती निघाल्या. चित्रकाराचा हात केवळ समासातील सहीपुरता लागतो; किंमत मुख्यतः तिचीच. लाउरी अवघे पाच रंग वापरी. त्यांतील पांढऱ्याचे जाड, खरवडलेले व कालांतराने पिवळसर होणारे थर हे त्याच्या धुरकट आकाशाचे मर्म होय. छापील प्रतीत त्या जागी सपाट कागद उरतो.