लोखंड की हायड्रोजन? ॲरोमॅटिक अमाइनच्या पाठातील एका शब्दाची चिकित्सा

प्रस्तावना

पांढुर्णा-सौसर पट्ट्यातील मोहगावचा विद्यार्थी घरी मराठी बोलतो आणि शाळेत बहुधा हिंदीतून विज्ञान शिकतो. बारावीत त्याच्यासमोर ‘अमाइन’ हे प्रकरण येते. त्याच्या परिसराशी या प्रकरणाचे नाते दूरचे नाही. सौसर तालुक्यातील बोरगावला मोठा कापड कारखाना आहे, आणि कापड रंगविण्याच्या अझो रंगांचा पाया ॲरोमॅटिक अमाइन हाच आहे. तापावर घेतल्या जाणाऱ्या पॅरासिटामॉलचा उगमही एका ॲरोमॅटिक अमाइनमध्येच आहे. म्हणून ही संयुगे तयार कशी होतात, याविषयी पाठ्यपुस्तक नेमके काय सांगते हे तपासणे आवश्यक ठरते.

पाठ्यपुस्तकाचे विधान

एनसीईआरटीच्या २००७ साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या बारावीच्या रसायनशास्त्रात नायट्रो संयुगांच्या क्षपणाला एक छोटा परिच्छेद दिला आहे. त्याचा आशय असा : निकेल, पॅलेडियम किंवा प्लॅटिनमच्या बारीक कणांच्या सान्निध्यात हायड्रोजन वायूने क्षपण होते, आम्लयुक्त माध्यमात धातूनेही होते, मात्र लोखंडाचे भंगार आणि हायड्रोक्लोरिक आम्ल ही पद्धत अधिक पसंत केली जाते, कारण तयार झालेल्या फेरस क्लोराइडपासून आम्ल पुन्हा मुक्त होते व ते थोडेच पुरते.

दिलेले कारण चुकीचे नाही. आम्ल खरोखरच थोडे लागते. आक्षेप दोन शब्दांवर आहे. ‘पसंत’ या शब्दाबरोबर कोणाची पसंती, कोणत्या काळातील आणि कशासाठी, हे येत नाही. आणि तीन धातूंमध्ये ‘किंवा’ घातल्याने ते एकमेकांच्या जागी सहज वापरता येतात असा समज होतो.

पसंतीचा हिशेब

लोखंडाची पद्धत आंत्वान बेशाँ यांनी १८५४ मध्ये दिली. दोनच वर्षांनी, १८५६ मध्ये, विल्यम पर्किन यांनी ॲनिलिनपासून जांभळा रंग बनविला आणि कृत्रिम रंगांचा उद्योग उभा राहिला. त्या काळी स्वस्त हायड्रोजन उपलब्ध नव्हता, लोखंड होते. पसंतीचे हे ऐतिहासिक कारण पाठात नाही.

समीकरणावरून हिशेब केल्यास चित्र स्पष्ट होते. एक टन ॲनिलिनसाठी किमान १.३५ टन लोखंड खर्ची पडते आणि सुमारे १.९ टन लोह ऑक्साइडचा गाळ उरतो. हेच काम हायड्रोजनने केल्यास सुमारे ६५ किलो हायड्रोजन लागतो आणि जवळपास ३९० किलो पाणी उरते. गाळाला रंगद्रव्य म्हणून बाजार मिळाला तर लोखंडाची पद्धत परवडते. जर्मनीतील बायर कंपनीने १९२० च्या दशकात असा मार्ग काढला होता. बाजार नसेल तर तो गाळ कोठे टाकायचा हा प्रश्न उरतो. पाठ आम्लाच्या बचतीविषयी बोलतो, गाळाविषयी बोलत नाही.

निवडकतेचा प्रश्न

खरे पाहता लोखंडाच्या बाजूने याहून भक्कम युक्तिवाद आहे. रेणूवर नायट्रो गटाबरोबर क्लोरीन किंवा कार्बनचा दुहेरी बंध असेल, तर लोखंड सामान्यतः फक्त नायट्रो गटाला हात लावते. क्लोरोनायट्रोबेंझीनवर साध्या पॅलेडियमसह हायड्रोजन सोडला तर क्लोरीनही तुटू शकतो. मग हव्या असलेल्या क्लोरोॲनिलिनमध्ये ॲनिलिन मिसळते आणि मुक्त झालेले हायड्रोक्लोरिक आम्ल यंत्रसामग्री खाते. गंधकाची प्रक्रिया केलेले प्लॅटिनम हा दोष बराच टाळते. म्हणजे तीन धातूंमधील ‘किंवा’ हा शब्द येथे दिशाभूल करतो. उत्प्रेरकाची निवड हाच या रसायनाचा गाभा आहे. २००६ मध्ये कोर्मा आणि सेर्ना यांनी टायटॅनियम डायऑक्साइडवरील सोन्याचे सूक्ष्म कण दुहेरी बंध शाबूत ठेवून नायट्रो गटाचे क्षपण करतात हे दाखविले, तेही याच प्रश्नाचे उत्तर होते.

पुण्याचे उदाहरण

यासाठी परदेशात जाण्याची गरज नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत रिहानी, नारायणन आणि एल. के. दोराईस्वामी यांनी नायट्रोबेंझीनच्या वाफेचे उत्प्रेरकाच्या साहाय्याने ॲनिलिन होण्याच्या वेगाचा अभ्यास केला. तो १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला. रायगड जिल्ह्यातील रसायनी येथे १९६० मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्सने नायट्रोबेंझीन व ॲनिलिन बनविले. तेथील न परवडणारे प्रकल्प बंद करण्याचा निर्णय केंद्राने २०१७ मध्ये घेतला.

याच पुण्याच्या प्रयोगशाळेतील सी. व्ही. रोडे, आर. व्ही. चौधरी व सहकाऱ्यांचे १९९९ मधील काम तर वर्गात शिकविण्यासारखे आहे. नायट्रोबेंझीनचे ॲनिलिन होताना वाटेत फिनाइलहायड्रॉक्सिलअमाइन तयार होते. सौम्य सल्फ्युरिक आम्लात, कार्बनवरील प्लॅटिनमच्या साहाय्याने काम केल्यास या मधल्या पदार्थाची पुनर्रचना होऊन पॅरा-अमिनोफिनॉल मिळते, जे पॅरासिटामॉलचा कच्चा माल आहे. हायड्रोजन पुढे धावला तर तेच ॲनिलिन होते. पदार्थ एक, वायू एक. परिस्थिती बदलली की उत्पादन बदलते. विद्यार्थ्याला निवडकता याहून सोप्या रीतीने सांगता येणार नाही.

सुरक्षिततेची बाजू

हा मधला पदार्थ दुसऱ्या कारणानेही महत्त्वाचा आहे. नायट्रो गटाच्या क्षपणात प्रचंड उष्णता बाहेर पडते. हायड्रॉक्सिलअमाइन साचत गेले आणि तापमान हाताबाहेर गेले तर त्याचे विघटन स्फोटक ठरू शकते. हायड्रोजन स्वतः ज्वलनशील आहे. म्हणून हायड्रोजनची पद्धत सरसकट श्रेष्ठ म्हणणेही तितकेच अपुरे होईल. मोहगावहून नागपूरला शिकायला गेलेला आणि पुढे तारापूर, महाड किंवा लोटे येथील कारखान्यात रुजू झालेला तरुण याच उपकरणाजवळ उभा राहतो. त्याला बाणापुढचे उत्पादन पाठ असते. वाटेत काय साचते हे त्याला शाळेने सांगितलेले नसते.

निष्कर्ष

प्रकरण वाढविण्याची आवश्यकता नाही. तीन वाक्ये पुरेशी आहेत : लोखंडाची पद्धत जुनी व निवडक आहे पण गाळ मोठा उरतो, हायड्रोजनच्या पद्धतीत पाणी उरते पण उत्प्रेरक विचारपूर्वक निवडावा लागतो, दोन्हींत उष्णता व मधले पदार्थ सांभाळावे लागतात. त्याच्या जोडीला एक टन ॲनिलिनचा वरील हिशेब उदाहरण म्हणून द्यावा. त्यास प्रयोगशाळा लागत नाही, वही आणि अणुभारांचे कोष्टक पुरते. शिक्षकांनी पुस्तक बदलण्याची वाट न पाहता हा हिशेब वर्गात घ्यावा. ‘पसंत’ या शब्दापुढे ‘कशासाठी?’ असे विचारण्याची सवय त्यातूनच लागेल.