तुलना कोणाची कोणाशी?

मूत्रपिंडात लहान गाठ असेल तर आता शक्यतो गाठीपुरताच भाग काढतात. तो पोट उघडून काढावा की छिद्रांतून, दुर्बिणीच्या साहाय्याने? अमेरिकेतील तीन संस्थांनी २००७ साली अशा १८०० शस्त्रक्रियांची तुलना प्रसिद्ध केली. दुर्बिणीच्या गटात शस्त्रक्रियेच्या वेळी रक्त कमी गेले, रुग्णालयातला मुक्कामही कमी झाला.

पण पद्धत चिठ्ठ्या टाकून ठरवली नव्हती. मोठ्या, खोलवरच्या गाठी आणि अधिक अशक्त रुग्ण उघड्या शस्त्रक्रियेकडे गेले होते. हुशार तुकडीला एका पद्धतीने, कच्च्या तुकडीला दुसरीने शिकवून निकाल ताडावेत, तसे हे झाले. गणिताने थोडी दुरुस्ती करता येते. पण सर्जनच्या नजरेने जे हेरले आणि कागदावर उतरले नाही, त्याची कशी करणार?

आम्हाला महत्त्वाची वाटते ती उलट दिशेची नोंद. गाठ कापताना रक्तवाहिनीला चिमटा लावून मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा थांबवतात. सोप्या गाठी वाट्याला येऊनही दुर्बिणीच्या गटात हा वेळ सरासरी ३०.७ मिनिटे होता, उघड्या गटात २०.१. शस्त्रक्रियेनंतरचा रक्तस्रावही दुर्बिणीच्या गटातच जास्त. निवडीचा कल दुर्बिणीच्या बाजूने असूनही तिच्याविरुद्ध गेलेले हे आकडे म्हणूनच अधिक विश्वासार्ह.

तीन वर्षांनंतर कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंत फरक दिसला नाही. मूत्रपिंडाच्या कार्याबद्दल मात्र जपून बोलावे: दुसरे मूत्रपिंड निरोगी असेल तर ते बरेचसे काम उचलते, आणि रक्तातले क्रिएटिनिन पहिल्याचे नुकसान झाकून टाकते.