गृहबांधणीविषयक परिषदा आणि कोकणातील घर : एक चिकित्सा

गृहबांधणीविषयक विभागीय परिषदांत आज ऊर्जाबचतीची चर्चा अग्रस्थानी असते. ‘इको निवास संहिता’ (२०१८) उष्ण-दमट प्रदेशातील घराच्या छप्पराखेरीज बाह्य आवरणातून आत येणाऱ्या उष्णतेस दर चौरस मीटरला १५ वॅटची मर्यादा घालते. हे स्वागतार्हच आहे. तथापि पालीसारख्या गावात घराची पहिली परीक्षा पाऊस घेतो. कौलांचा तीव्र उतार, पुढे आलेली वळचण आणि उंच जोते ही त्या परीक्षेची परंपरागत उत्तरे होत. सपाट स्लॅब आला, तो गळू लागला आणि त्यावर पत्र्याचे छप्पर चढले. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने रायगड जिल्ह्यात असंख्य घरांचे पत्रे आणि कौले उडविली. पत्रा कसा जखडावा, स्लॅबला ढाळ किती द्यावा, हे प्रत्यक्षात गवंडी आणि कारागीर ठरवितात. परिषदेच्या सभागृहात मात्र ते क्वचितच दिसतात. तेथे जाणे म्हणजे त्यांच्या दृष्टीने एका दिवसाची मजुरी बुडणे होय. म्हणून पावसाळ्यापूर्वी, मराठीतून, मजुरी भरून देऊन प्रात्यक्षिके घेतली जावीत. अन्यथा परिषदेचे फलित उपस्थितीच्या प्रमाणपत्रापुरतेच उरेल आणि घर गळतच राहील.