बंद दारांआडचा थोमा : योहानकृत शुभवर्तमानातील शंका आणि पुनरुत्थानावरील विश्वास

१. प्रास्ताविक

ख्रिस्ती धर्मविचाराच्या केंद्रस्थानी येशूचे पुनरुत्थान आहे. येशूचा जन्म, उपदेश, चमत्कार आणि क्रूसावरील मृत्यू या घटनांना ख्रिस्ती परंपरेत जो अर्थ प्राप्त होतो, तो पुनरुत्थानाच्या प्रकाशात. पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात हे रोखठोकपणे मांडले आहे. ख्रिस्त उठलाच नसेल तर आपल्या साऱ्या प्रचाराला आणि ऐकणाऱ्यांच्या विश्वासाला काही अर्थ उरत नाही, असा त्याच्या युक्तिवादाचा आशय आहे. हे पत्र इ. स. ५३ ते ५५ च्या सुमारास लिहिले गेले, असे बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजेच ते चारही शुभवर्तमानांहून जुने आहे.

ज्या एका घटनेवर संपूर्ण धर्माची इमारत उभी आहे, त्या घटनेविषयीच्या शंका मात्र धर्मग्रंथाने पुसून टाकलेल्या नाहीत. त्या जपून ठेवल्या आहेत. असे का व्हावे, हा प्रस्तुत लेखाचा मूळ प्रश्न आहे. त्यासाठी योहानकृत शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायातील थोमाच्या प्रसंगाचे संहितानिष्ठ वाचन येथे केले आहे. पुनरुत्थान ऐतिहासिकदृष्ट्या घडले की नाही, याचा निवाडा करणे हा या लेखाचा हेतू नाही. तथापि तो प्रश्न गौण आहे, असेही येथे गृहीत धरलेले नाही.

२. शुभवर्तमानांतील शंकेच्या नोंदी

शंका घेणारा म्हणून एकट्या थोमाचे नाव रूढ झाले असले, तरी शंकेची नोंद चारही शुभवर्तमानांत आढळते. मार्ककृत शुभवर्तमान चौथ्या शतकातील सिनाई व व्हॅटिकन या दोन प्राचीन हस्तलिखितांत सोळाव्या अध्यायाच्या आठव्या ओळीवर थांबते. कबरीपाशी आलेल्या स्त्रिया भयभीत होऊन पळून जातात आणि कोणालाही काही सांगत नाहीत, येथेच कथा संपते. पुढील बारा ओळी नंतर जोडल्या गेल्या, असे बहुसंख्य अभ्यासकांचे मत आहे. लूकच्या कथनात स्त्रियांचे बोलणे प्रेषितांना निरर्थक बडबड वाटते. पुढे प्रत्यक्ष येशू समोर उभा असतानाही त्यांचा विश्वास बसत नाही आणि त्याचे कारण म्हणून लूक चक्क आनंदाचा उल्लेख करतो. मत्तयच्या अखेरच्या प्रसंगात तर गालीलातील डोंगरावर शिष्य येशूला वंदन करतात आणि त्याच क्षणी काहींना संशयही वाटतो. येथे वापरलेले ‘दिस्ताझो’ हे ग्रीक क्रियापद संपूर्ण नव्या करारात केवळ दोनदा येते. दुसरे स्थळ पाण्यावरून चालताना बुडू लागलेल्या पेत्राचे आहे. वंदन आणि संशय एकाच वाक्यात नांदू शकतात, हे मत्तयने कोणतीही सारवासारव न करता नोंदविले आहे.

३. थोमाची मागणी

योहानच्या संहितेत थोमा यापूर्वी दोनदा महत्त्वाचे बोलतो. लाजराच्या मृत्यूनंतर येशू यहूदियाकडे निघतो तेव्हा, आपणही त्याच्याबरोबर मरायला जाऊ, असे तो सहशिष्यांना सुचवितो (अध्याय ११). अखेरच्या भोजनाच्या वेळी, तू कोठे जातोस हेच ठाऊक नसताना मार्ग कसा कळणार, असे तो विचारतो (अध्याय १४). निष्ठा आणि स्पष्टवक्तेपणा ही त्याच्या व्यक्तिरेखेची दोन अंगे योहानने आधीच रेखाटली आहेत. त्यामुळे विसाव्या अध्यायातील त्याची मागणी उपऱ्या संशयखोराची ठरत नाही.

ही मागणी नेमकी काय आहे? खिळ्यांचे व्रण पाहिल्यावाचून, त्यांत बोट आणि कुशीत हात घातल्यावाचून आपण मुळीच विश्वास ठेवणार नाही, असे तो म्हणतो. या मागणीला हट्ट म्हणण्यापूर्वी आधीचा प्रसंग पाहिला पाहिजे. थोमाच्या अनुपस्थितीत येशू शिष्यांना भेटला तेव्हा त्याने स्वतः आपले हात व कूस त्यांना दाखविली आणि ते पाहूनच त्यांना आनंद झाला. स्पर्शाचा अपवाद वगळता इतरांना जे न मागता मिळाले, तेच थोमा मागतो आहे.

याहून सूक्ष्म असा एक तपशील आहे. पहिल्या भेटीच्या वेळी भीतीमुळे दारे बंद होती. त्यानंतर येशूने शिष्यांना शांती दिली, पवित्र आत्मा दिला, कामगिरीवर पाठविले. तरीही आठवड्यानंतरच्या भेटीच्या वेळी दारे बंदच आहेत. भीतीचा उल्लेख योहान या वेळी करीत नाही, पण दारे उघडल्याचेही सांगत नाही. ज्यांनी प्रभूला पाहिल्याची ग्वाही दिली, त्यांच्या वागण्यात थोमाला कोणता पालट दिसला असेल? साक्षीदारांचे शब्द आणि त्यांचे जगणे यांतील हे अंतर लक्षात घेतले, तर त्याच्या शंकेला एक नैतिक आधार मिळतो.

दुसरी बाबही तितकीच महत्त्वाची आहे. या संपूर्ण आठवड्यात थोमाला कोणी बाहेर काढलेले नाही आणि तोही निघून गेलेला नाही. दुसऱ्या भेटीच्या वेळी तो त्याच खोलीत आहे. शंकेसह समुदायात राहण्याचा हा काळ योहान एका वाक्यात ओलांडतो. परंतु पुढचे सर्व काही त्या काळामुळेच शक्य होते.

४. न घडलेला स्पर्श आणि वाचकाची जागा

येशू थोमाला बोट व हात पुढे करण्यास सांगतो. थोमाने स्पर्श केला, असे मात्र संहितेत कोठेही म्हटलेले नाही. तो थेट येशूला आपला प्रभू व आपला देव म्हणून संबोधतो आणि या शुभवर्तमानातील सर्वांत उत्कट कबुली त्याच्या मुखातून येते. ग्लेन मोस्ट यांनी २००५ मधील आपल्या ग्रंथात संहितेतील या मौनाची आणि परंपरेने ते कसे भरून काढले याची विस्ताराने चर्चा केली आहे. कारावाज्जोचे सुमारे १६०१–०२ मधील चित्र हे त्याचे ठळक उदाहरण होय. पोट्सडाम येथील सान्सूसी राजवाड्याच्या चित्रदालनात असलेल्या या चित्रात येशू स्वतः थोमाचा हात धरून त्याचे बोट जखमेत घालतो आहे. चित्रकाराने पुरावा दाखविला. योहानने मात्र तो वाचकाला नाकारला.

हा नकार अर्थपूर्ण आहे. विसाव्या अध्यायात विश्वासाकडे नेणाऱ्या वाटा अनेक आहेत. एका शिष्याला रिकाम्या कबरीतील वस्त्रे पुरतात, मरीया मग्दालीयेला आपल्या नावाची हाक पुरते, इतर शिष्यांना व्रणांचे दर्शन घडते. केवळ इतरांच्या शब्दावर विसंबण्याची वेळ येते ती थोमावर, आणि हीच वाचकाचीही स्थिती आहे. म्हणूनच न पाहता विश्वास ठेवणाऱ्यांना धन्य म्हटल्यानंतर लगेच योहान वाचकाकडे वळतो आणि आपला ग्रंथ कशासाठी लिहिला ते सांगतो. थोमा हा अशा रीतीने वाचकाचा संहितेतील प्रतिनिधी ठरतो. त्याची शंका पुसली असती, तर वाचकाची जागाही पुसली गेली असती.

५. संभाव्य आक्षेप

येशू थोमाला कानपिचक्या देतो, मग शंकेचे समर्थन कसे करावे, असा आक्षेप येथे घेता येईल. तो रास्त आहे. योहानने शंकेला मुक्कामाचे ठिकाण मानलेले नाही. मात्र येथे योजलेला ‘अपिस्तोस’ हा शब्द ‘दिस्ताझो’हून वेगळा आहे. त्याचा रोख मनाच्या दोलायमानतेपेक्षा विश्वासाच्या अभावाकडे आहे. थांबायचे आहे ते नात्याच्या नकारापाशी थांबणे; प्रश्न विचारण्याला तेथे मनाई नाही.

दुसरा आक्षेप इतिहासाच्या बाजूने येतो. रुडॉल्फ बुल्टमान यांनी १९४१ मध्ये नव्या कराराच्या मिथकमुक्त अन्वयार्थाचा आग्रह धरताना पुनरुत्थानावरील विश्वास म्हणजे क्रूसाच्या तारणदायी अर्थावरील विश्वास, अशी मांडणी केली. उलट एन. टी. राइट यांनी २००३ मधील आपल्या बृहद्‌ग्रंथात रिकामी कबर आणि प्रत्यक्ष दर्शने यांखेरीज आरंभीच्या ख्रिस्ती श्रद्धेचा उगम समाधानकारकपणे उलगडत नाही, असे प्रतिपादन केले. संहितानिष्ठ वाचनाने हा वाद मिटत नाही. पौलाचा युक्तिवाद पाहता पुनरुत्थानाला निव्वळ प्रतीक ठरवून मोकळे होता येत नाही, आणि योहानचे मौन पाहता संहितेला पुराव्याचे दप्तर म्हणूनही वापरता येत नाही.

६. मराठी संदर्भ

येशूची कथा मराठी ओवीत सविस्तर आली ती १६१६ मध्ये रायतूर येथे मुद्रित झालेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘क्रिस्तपुराणा’तून. मराठी बायबलमध्ये ‘पिस्तिस’ या ग्रीक संज्ञेसाठी ‘विश्वास’ हा शब्द स्थिरावला. महाराष्ट्रातील वैचारिक चर्चेत ‘श्रद्धा’ हा शब्द बहुधा ‘अंधश्रद्धे’च्या जोडीने येतो आणि शंका आपोआप विरुद्ध बाजूला जाऊन बसते. ‘विश्वास’ मात्र आपण माणसावर, त्याच्या शब्दावर ठेवतो. तो ठेवण्यापूर्वी माणूस पारखणे आपल्या व्यवहारात गैर मानले जात नाही. थोमाचा प्रश्न समजून घेण्यास हा मराठी शब्द म्हणूनच अधिक उपकारक आहे.

७. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की, योहानच्या संहितेत शंका ही विश्वासाच्या घडणीतील एक अवस्था आहे आणि तिला समुदायात जागा आहे. थोमाला केवळ दोषी ठरविणारे भाविक वाचन आणि त्याला विज्ञाननिष्ठेचा पूर्वसूरी ठरविणारे बुद्धिवादी वाचन ही दोन्ही अपुरी आहेत. पुनरुत्थित शरीरावरही व्रण कायम असल्याचे योहान सांगतो. त्या व्रणांकडे बोट दाखविणारा शिष्य कथेतून वगळला असता, तर उरलेली साक्ष अधिक गुळगुळीत झाली असती. अधिक विश्वसनीय झाली असती असे मात्र म्हणवत नाही. धार्मिक संहिता वर्गात शिकविताना विद्यार्थ्याच्या शंकेला किती दिवस त्याच खोलीत राहू द्यायचे, हा प्रश्न अध्यापकांपुढेही आहे. योहानने थोमाला किमान एक आठवडा दिला होता.