सज्जनगडची शिंदळ माकुडी आणि नावांचा गुंता

साताऱ्याजवळच्या सज्जनगडाच्या कड्यांवर एक मांसल वनस्पती वाढते. तिला शिंदळ माकुडी म्हणतात. पावसाळ्यात तिला जाडसर पाने आणि पिवळ्या ठिपक्यांची, काळपट तांबडी, पाच पाकळ्यांची फुले येतात. पुढे पाने गळतात व ती नुसत्या खोडावर उन्हाळा काढते. एकोणिसाव्या शतकात डॅल्झेल यांनी तिला ‘फ्रेरिया इंडिका’ असे नाव दिले, ते बार्टल फ्रियर यांच्यावरून. हे फ्रियर १८४७ मध्ये साताऱ्याचे रेसिडेंट आणि १८६२ मध्ये मुंबईचे गव्हर्नर झाले.

‘केवळ महाराष्ट्रात आढळणारी आणि आपल्या प्रजातीतील एकमेव जाती’ अशी तिची ओळख करून देण्याचा प्रघात आहे. यातला पहिला भाग आजही खरा आहे. दुसरा मात्र तपासून घ्यायला हवा.

हस्तलिखित पोथीची नक्कल करताना लेखनिकाच्या हातून चूक झाली, तर ती त्या प्रतीवरून केलेल्या पुढच्या नकलांतही उतरते. अनेक चुका नेमक्या त्याच जागी असलेल्या दोन पोथ्या सापडल्या, तर त्यांची मूळ प्रत एकच असावी असे आपण ओळखतो. केंद्रकातील व हरितलवकातील डीएनएचे ठरावीक तुकडे वाचून वनस्पतींचा वंशवृक्ष मांडतात, तो याच तर्काने.

उलरिख मेव्ह आणि सिग्रिड लीड या संशोधकांनी २००२ मध्ये असा वंशवृक्ष प्रसिद्ध केला. त्यात फ्रेरिया वेगळ्या फांदीवर नाही. बूसेरोशिया या प्रजातीच्या आतच तिची जागा येते. बूसेरोशियाच्या इतर जातींची पाने जवळजवळ नाहीशी झालेली आहेत. सांगलीच्या पूर्वेकडील कोरड्या माळांवर माकडशिंग दिसते, तिचे चौकोनी, पानविरहित खोड डोळ्यांपुढे आणावे. तीही याच गोतावळ्यातली, पण जरा दूरची. फ्रेरियाला पाने आहेत म्हणून ती या गटातील सर्वांत प्राचीन, असा समज सहज होतो. परंतु पाने हरवलेल्या नातेवाइकांच्या मधोमध ती बसत असेल, तर तिची पाने हा पूर्वजांचा जपलेला वारसा नसून ती नंतर पुन्हा मोठी झाली, हेच सरळ स्पष्टीकरण ठरते. हा निष्कर्ष आम्हांला मोलाचा वाटतो.

यापुढचे पाऊल मात्र वादाचे आहे. दक्षिण आफ्रिकेतील पीटर ब्राउन्स व सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये हा सारा मांसल गट सिरोपेजिया या प्रजातीत विलीन करावा असे सुचवले. सिरोपेजिया म्हणजे कासच्या पठारावरची कंदीलपुष्पे. लिनियसने हे नाव १७५३ मध्ये दिले. नव्या प्रजातीत सुमारे ७०० जाती येतात. यामागचा विचार असा, की एका पूर्वजाचे सर्व वंशज आत घेतल्याशिवाय प्रजाती पुरी होत नाही. आणि मांसल गट तर सिरोपेजियाच्याच फांद्यांमधून फुटलेला दिसतो. पश्चिम घाटातील जातींचा जो अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यातही या प्रजातींच्या जुन्या सीमा नीट जुळल्या नव्हत्या. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातील एस. आर. यादव त्यात सहभागी होते.

वंशवृक्षाबद्दल आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती वंशवृक्ष आणि नाव यांची गल्लत होते याबद्दल. वृक्ष तोच ठेवून दोन मार्ग निघतात: सर्वांची मिळून एक मोठी प्रजाती करावी, किंवा सिरोपेजियाचे लहान लहान तुकडे पाडावेत. यांपैकी कोणता घ्यावा हे डीएनए सांगत नाही. ते माणसे सोयीने ठरवतात. पहिल्या मार्गाने कासचा नाजूक कंदील आणि आफ्रिकेतील निवडुंगासारखे खोड एकाच नावाखाली येतात, आणि नावावरून वनस्पतीची काहीच कल्पना येत नाही. दुसऱ्या मार्गात शेकडो जातींना नवी नावे द्यावी लागतील. दोन्हींची किंमत आहे. म्हणून ‘डीएनएने नाव बदलले’ असे वर्गात सांगू नये. डीएनएने नाते दाखवले, नाव माणसांनी बदलले, असे सांगावे.

हा केवळ शब्दांचा खेळ नव्हे. ‘स्वतंत्र प्रजाती’ म्हणून जिच्या संरक्षणाचा आग्रह धरला, तिचा हा मान गेला तर आग्रहही सैल व्हायचा का? आम्हांला तसे वाटत नाही. मोजक्या कड्यांवर उरलेली, पाने गमावलेल्या कुळीत पुन्हा पाने धारण करणारी ही वनस्पती नाव कोणतेही असले तरी तितकीच दुर्मीळ आहे. विद्यार्थ्यांना सज्जनगडावर न्याल तेव्हा ती दुरूनच दाखवा, उपटू देऊ नका. वहीत जुने व नवे अशी दोन्ही नावे लिहायला सांगा, आणि तिच्या पानांची गोष्ट जरूर सांगा.