उजेडाचा फोटो

आम्हा महालवाल्यांना दिव्यांची समीक्षा शिकवावी लागत नाही. गणपतीत चिटणीस पार्क ते बडकस चौक एक चक्कर मारायची आणि ‘रोषणाई बरी आहे, पण मागच्या साली जास्त होती’ असा निकाल देऊन पानठेल्यावर थांबायचे, ही आमची परंपरा. तेव्हा पुतण्याने काढलेल्या १४३ फोटोंवर मी लिहितो आहे, ते अधिकारानेच.

२०२५ साली मुंबईला, वांद्रे-कुर्ला संकुलातल्या नीता मुकेश अंबानी सांस्कृतिक केंद्रात, न्यूयॉर्कच्या दिया आर्ट फाउंडेशनच्या संग्रहातल्या प्रकाशकृती मांडल्या होत्या. पुतण्या आम्हा उभयतांना घेऊन गेला. त्यात डॅन फ्लेविन या अमेरिकन कलावंताच्या ट्यूबलाइट होत्या. हो, ट्यूबलाइटच. दुकानात मिळते तीच! १९६३ साली या गृहस्थाने आठ फुटांची एक पिवळी ट्यूब भिंतीवर ४५ अंशांत तिरपी लावली आणि तिला कलाकृती म्हटले. आमच्या वाड्यातल्या वायरमनने अशी तिरपी लावली असती तर त्याची मजुरी कापली असती. सौ.ने तर आत शिरताच विचारले, ‘‘याचं बिल कोण भरतं?’’

पण खरी गंमत पुढेच आहे. फ्लेविनची कृती विकत घेणाऱ्याला सोबत प्रमाणपत्र मिळते. ट्यूब गेली की दुसरी बसवायची. कृती तीच राहते. म्हणजे कला नळीत नाही. ती भिंतीवर, जमिनीवर आणि तुमच्या-आमच्या अंगावर सांडणाऱ्या उजेडात आहे. हिरव्या ट्यूबसमोर थोडा वेळ नुसते उभे राहा. डोळा हिरव्याला सरावतो, आणि मग मान वळवली की साधा पांढरा उजेड गुलाबी दिसतो. आपण ‘ट्यूब पेटली’ म्हणतो ते काही उगाच नाही. उशिरा पेटते, पण पेटते.

मोबाइलला एवढी सवड कुठली? तो पडला हुशार. रंगीत उजेड दिसला की काहीतरी बिघडले असे समजून तो रंग पांढऱ्याकडे ओढतो. ट्यूब झगझगीत, म्हणून बाकीची खोली काळी करून टाकतो. शिवाय चोकवरची ट्यूब सेकंदाला शंभर वेळा उजळते-मंदावते आणि मोबाइल चित्र टिपतो ओळीओळीने. त्यामुळे फोटोवर पायजम्यासारखे पट्टे! थोडक्यात, कंदील घरी आला आणि उजेड तिथेच राहिला.

१४२ फोटोंत नळ्या आणि नळ्यांपुढे पुतण्या.

‘‘कसे आहेत, काका?’’

‘‘इलेक्ट्रिकच्या दुकानाला चालतील,’’ मी म्हणालो.

उरलेला एक तो पुसायलाच निघाला होता. ‘‘काकू हलली ना बाप्पा त्यात!’’ पाय दुखतात म्हणून बाकावर टेकलेली सौ.; मोतिया रंगाची साडी अर्धी हिरवी, अर्धी गुलाबी; चेहरा जरा पुसट, नजर वर. ट्यूब एकही नाही. आणि तरी सगळे प्रदर्शन त्यात होते. चाळीस वर्षांच्या संसारात, बिलाचा विचार न करता दिव्याकडे बघणारी सौ. मी पहिल्यांदाच पाहत होतो.

म्हणून समीक्षकाचे मत एवढेच, की उजेडाचा फोटो काढायचा तर तो ज्याच्यावर पडला आहे त्याचा काढावा. बाकीच्या १४२चे काय करायचे ते पुतण्याने बघावे.